मायच्या पोताऱ्याची माती

आमचं घर १९९४ चं. म्हणजे आबाजींनी वाटे केले आणि बाबांच्या हिश्श्याला ही जागा आली तेव्हाचं, मातीच्या भिंती, वर कवेलू, मागच्या दोन खोल्या नंतर स्लॅबच्या झाल्या. पण भिंतीला वरून जी माती लागली आहे ती खरी कशाची आहे हे मला एमएच्या दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत कळलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा चांगलीच पंचाईत झाली, कारण ती माती दरवर्षी दिवाळीच्या आधी माय आणि मीच डोक्यावर घमेलं घेऊन आणायचो.

गावाच्या उगवतीला नाल्याच्या काठावर एक उंचवटा आहे, त्याला सगळे पांढरी म्हणतात. चारी बाजूनं काळीशार जमीन आणि मधातच ही राखेसारखी भुरकट पांढरी माती, हाताला मऊ, भिजवली की लोण्यासारखी. पोताऱ्याला, म्हणजे भिंती सारवायला, तिच्यासारखी माती नाही असं आख्ख्या गावाचं म्हणणं. लहानपणी आम्ही तिथं घसरगुंडी करायचो, लगोरीला खापरं तिथूनच आणायचो, कारण तिथं खापरं इतकी की पावसाळ्यानंतर चालताना पायाखाली कुरकुर वाजतात. इतकी खापरं तिथंच का, असा प्रश्न कोणालाच पडला नाही. मलाही नाही. खापरं असतात तिथं, जसे नाल्यात गोटे असतात तसे.

तर हे पुरातत्त्व शिकणं कसं सुरू झालं ते सांगते, कारण लोक विचारतात. काही स्वप्न वगैरे नव्हतं. तालुक्याच्या कॉलेजातून बीए केलं, इतिहास घेऊन, सगळ्या मैत्रिणी बीएडला नाहीतर एमपीएससीच्या क्लासला. मला नागपूरला जायचं होतं एवढंच पक्कं होतं. प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व असं लांबलचक नाव असलेला विभाग नागपूर विद्यापीठात आहे आणि कुठलीही पदवी असली तरी फॉर्म भरता येतो हे एका सीनियरनं सांगितलं. भरला. लागला नंबर.

बाबांना सांगितलं तेव्हा ते बांधावर, म्हणजे आमच्याकडं धुऱ्यावर, बसून होते.
"काय शिकवतेत त्यात?"
"जुनं शोधतेत बाबा. जमीन खोदून."
"म्हणजे गड्डे."
"तसंच काही."
"अवो बाई, गड्डे खोदाले नागपूरले कायले जाते? इथं संत्र्याच्या कलमाचे दोनशे गड्डे बाकी आहेत."

माय हसली, बाबा नाही हसले, ते खरंच बोलून राहिले होते. पण जाऊ दिलं. हॉस्टेलची फी भरली त्या वर्षीच्या तुरीतून.

वर्गात आम्ही अकरा जण. त्यातले चार जण सरळ सांगायचे की हॉस्टेल भेटते म्हणून ॲडमिशन घेतली, अभ्यास एमपीएससीचा करतो. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही पहिल्या सेमिस्टरला अर्धं लक्ष तिकडंच ठेवून होते. मजा आली ती ब्राह्मीला. प्रिन्सेप नावाच्या माणसानं १८३७ मध्ये ती लिपी वाचली, तोपर्यंत दगडावर काय लिहिलं आहे ते आपल्याच देशात कोणाला वाचता येत नव्हतं, आणि आम्ही नागपूरचे पोट्टे-पोट्टी पंधरा दिवसांत हॉस्टेलच्या दारांवर एकमेकांची नावं ब्राह्मीत लिहून राहिलो होतो. वॉर्डन बाईंना वाटलं काही जादूटोणा आहे. मग वाकाटकांचे, म्हणजे विदर्भातल्या जुन्या राजघराण्याचे, ताम्रपट आले, त्यांच्या अक्षरांच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी असते, पेटिकाशीर्षक म्हणतात. ही अक्षरं काढायला फार वेळ लागतो पण दिसतात भारी.

आणि प्रभावतीगुप्ता. ही आमच्या इकडची राणी, म्हणजे लग्न करून इकडं वाकाटकांच्या घरात आलेली, दुसऱ्या चंद्रगुप्ताची पोरगी, नवरा लवकर गेला आणि पोरं लहान म्हणून राज्य हिनंच चालवलं. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे तेव्हाची वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, तिथं २०१५ ते २०१८ मध्ये उत्खनन झालं आणि तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, शंखाचं चित्र असलेली. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती आपल्या ताम्रपटांत वंशावळ सांगते ती माहेरची, गुप्तांची, आणि गोत्रही बापाचंच लावते, धारण. सोळाशे वर्षांपूर्वी. आणि आमच्याकडं मावसबहिणीनं लग्नानंतर आधार कार्डावर नाव बदललं नाही तर तिच्या सासूनं केवढं रामायण केलं. मी ते मावशीला फोनवर सांगितलं, प्रभावतीचं. मावशी म्हणे, "राणी होती ते, तिले कोण बोलते."

दुसऱ्या सेमिस्टरला फिल्ड आर्किऑलॉजी. सर पहिल्याच तासाला म्हणाले, एखाद्या गावात सर्व्हेला गेलात तर आधी काय कराल? कोणी म्हणालं जीपीएस, कोणी म्हणालं टोपोशीट, म्हणजे भूभागाचा नकाशा. सर म्हणाले, पारावर जाऊन बसा आणि विचारा, पांढरी कुठं आहे.

माझ्या पोटात एकदम खड्डाच पडला.

आपल्याकडं जुन्या बोलीत गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी का, तर माणूस एका जागी शेकडो वर्षं राहिला की चुलीची राख, शेण, चुना, पडलेल्या मातीच्या भिंती, हाडं, खरकटं सगळं तिथंच मुरत जाते, घर पडलं की त्याच्यावरच दुसरं, होता होता उंचवटा तयार होतो आणि मातीचा रंग उडतो. काळ्या जमिनीच्या मुलखात तो लांबूनही ओळखू येतो. म्हणजे आम्ही ज्याच्यावर घसरलो ते गाव होतं. आणि मायनं देवघराच्या मागच्या भिंतीला जो हात फिरवला आहे तो कोणाच्या तरी चुलीच्या राखेचा.

सर पुढं म्हणाले की अशा मातीत फॉस्फेट जास्त असते, हाडांमुळं आणि शेणामुतामुळं, ते तपासूनसुद्धा जुनी वस्ती कुठं होती ते शोधता येते. मी हात वर करून बोलून गेले, सर आमचे बाबा पांढरीची ट्रॉली तुरीच्या वावरात टाकतात, म्हणतात तुरीले जोर येते. सगळे हसले. सर नाही हसले. म्हणाले, बाबांचं बरोबर आहे, आणि म्हणूनच महाराष्ट्रातल्या कितीतरी पांढऱ्या वावरात गेल्या आहेत. मग विचारलं, अजून किती उरली आहे? मला सांगताच येईना. खरं म्हणजे कधी बघितलंच नव्हतं अशा नजरेनं.

त्याच महिन्यात जुनापाणीला नेलं. आता याच्यात गंमत अशी की नागपूर-काटोल रोडला माझा जन्म गेला आहे, एसटीच्या खिडकीतून तो फाटा शंभरदा पाहिला असन, आणि आत काय आहे ते कधी माहीत नाही. आत मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, तीनशेच्या जवळपास, मृतांसाठी केलेली. गोलाकार दगड मांडायचे, मधात काळी माती आणि गोटे भरायचे, त्यात मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, दागिने ठेवायचे. काळ ढोबळमानानं इसवी सनापूर्वी १००० ते ३००. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीनं कोरलेले आहेत, ते कशासाठी यावर अजून वाद आहेत, आमच्या बसमध्येही झाला. तिथं सगळ्यात आधी खोदलं ते रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रजानं, १८७९ मध्ये त्याचा लेखही छापून आला, आणि हा माणूस मूळचा कोण तर मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस कमिश्नर. मँचेस्टरला कापूस कसा जास्त जाईल ते पाहायला आलेला माणूस आणि वाटेत कबरी उकरून गेला! आमच्या आजीला विचारलं तर ती म्हणे ते तर गवळ्यांचं आहे, पूर्वी मोठ्ठे गवळी राहत, गाईंसाठी गोठे केले होते त्यांनी. आजी कापूस कमिश्नरपेक्षा फार चुकली असं मला वाटत नाही, निदान तिनं काही उकरलं तर नाही.

त्याच रोडच्या आसपास माहुरझरी आहे, तिथल्या वर्तुळांत माणसासोबत घोडे पुरलेले सापडले, घोड्याच्या तोंडावर घालायचा तांब्याचा साजसुद्धा. पारशिवनीकडं पेंचच्या काठावर नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, सुमारे २७०० वर्षं जुनी. म्हणजे आमच्या विदर्भात, जिथं आज एमआयडीसीच्या प्लॉटवर बाभळी उगवल्या आहेत, तिथं तेव्हा लोखंड गाळून राहिले होते लोक. मला हे शाळेत कोणी सांगितलं नाही. शाळेत आम्हाला हडप्पा होतं, मोठं स्नानगृह होतं, त्याची लांबी-रुंदी पाठ होती, आणि घरापासून तीस किलोमीटरवरचं काही नाही. याचा मला अजूनही राग येतो.

मग तिसऱ्या सेमिस्टरला जानेवारीत कॅम्प. साईटचं नाव लिहीत नाही, रिपोर्ट यायचा आहे. भंडाऱ्याकडं, एवढंच. तंबू, पहाटेची थंडी, तोंडातून वाफा, सकाळी चहा-पोहे आणि साडेसातला ट्रेंचवर, म्हणजे खोदायच्या खड्ड्यावर. चौकोन आखायचे, खुंट्या, सुतळी, दोन चौकोनांच्या मधात मातीची भिंत तशीच सोडायची, तिला बाल्क म्हणतात, तिच्यात मातीचे थर केकसारखे दिसतात. खोदायचं म्हणजे कुदळीनं दणादण नाही, बहुतेक वेळ करणी आणि ब्रश, एक दिवसात पाच सेंटिमीटर खाली गेलो तर सर म्हणायचे घाई करून राहिल्या. मला ते जमलं लवकर. पुण्या-मुंबईची दोन पोरं होती सोबत, त्यांचे गुडघे तिसऱ्या दिवशी गेले. माझे नाही गेले, मी लहानपणापासून मायसोबत निंदणाला गेलेली आहे, उकिडवं बसून सरकत सरकत जाणं आणि हाताला खुरपं, तेच आहे हे, फक्त इथं तण नाही तर माती काढायची. पहिल्यांदा आयुष्यात निंदणाचा फायदा झाला.

पण शहाणपण उतरलंच. चौथ्या दिवशी मला मातीत एक गोल वेगळा रंग दिसला, मऊ माती, मुठीएवढा घेर. पुस्तकात वाचलेलं की लाकडी खांब कुजला की असाच गोल राहते, पोस्टहोल. मी ओरडलेच. फोटो, स्केल, उत्तर दिशेचा बाण, ड्रॉईंग, सगळं तयार, आता घराचा आराखडा निघणार. गावातले एक मामाजी मजुरीला होते, साठीचे, ते कडेला बसून तंबाखू मळून राहिले होते. उठले, वाकून पाहिलं, बोट घातलं, वास घेतला. म्हणाले, "बाई, हे उंदराचं बीळ आहे."

होतं. पुढं तिरपं वळलं आणि आत तुरीचे दाणे. त्या दिवसापासून मी काही दिसलं की आधी मामाजींना विचारायची, सरांना नंतर. ते कुदळीच्या आवाजावरून सांगायचे की खाली माती बसलेली आहे का भरलेली. हे कुठल्या पेपरला लिहून येत नाही.

आणि काळी माती तर डोक्याला तापच आहे. उन्हाळ्यात हिला हात-हातभर भेगा पडतात, वरचं खाली जाऊन पडते, पावसात फुगून भेग बुजते, म्हणून हिला स्वतःच स्वतःला नांगरणारी माती म्हणतात. शेतकऱ्याला बरं, आम्हाला वाईट. दोन फूट खाली, चांगल्या काळ्या-लाल खापरांच्या थरात, मला गुटख्याची पुडी सापडली. आत थोडा गुटखाही होता. नोंदवहीत रीतसर नोंद केली.

एकदा मात्र खरंच चुकले. चुलीच्या जागी कोळशाचा तुकडा दिसला आणि मी हातानं उचलला, सकाळीच हातापायाला थंडीचं खोबरेल चोपडलेलं. मॅडम जी बोलल्या की मी दोन घास कमी जेवले. कोळशावरून कार्बन-१४ नं काळ काढतात, ती पद्धत लिबी नावाच्या शास्त्रज्ञानं १९४९ मध्ये आणली, ५७३० वर्षांत त्यातला कार्बन-१४ निम्मा होते आणि उरलेल्यावरून हिशोब. आता त्यात या वर्षीच्या नारळाचं तेल गेलं तर हिशोब बिघडणार ना. स्वच्छ करणीनं उचलायचा, फॉईलमध्ये गुंडाळायचा, हे मी वहीत लिहिलं होतं. लिहिणं वेगळं.

चौथ्या सेमिस्टरला लघुप्रबंध. विषय मीच मागून घेतला, आपल्याच तालुक्यातल्या जुन्या वस्त्यांचा सर्व्हे, खोदायचं काही नाही, फक्त फिरायचं, वर पडलेली खापरं पाहायची, मोबाईलवर जागा नोंदवायची. महसुलाच्या कागदात काही मौज्यांच्या पुढं कंसात रिठी लिहिलेलं असते, म्हणजे नाव आहे पण गाव नाही, उजाड झालेलं. त्या रिठ्यांची यादी काढली आणि भावाच्या मोटारसायकलवर मागं बसून फिरले, उन्हाळ्यात, डोक्याला दुपट्टा बांधून. एका ठिकाणी नुसता माता मायचा शेंदूर लावलेला दगड आणि चिंचेचं झाड उरलेलं, बाकी पऱ्हाटीचं वावर. गाव गेलं आणि देवी राहिली, तिच्या पूजेला शेजारच्या गावचे लोक येतात.

आणि जिथं जावं तिथं एकच प्रश्न, हळू आवाजात. "काही निघालं का?" म्हणजे गुप्तधन. मी खापर दाखवायची, तर माणूस माझ्याकडं असा बघायचा की हे पोरगी लपवून राहिली. एका म्हाताऱ्यानं तर भावाला बाजूला नेऊन सांगितलं, पायाळू माणूस हवा असेल तर आमच्या घरी आहे. भाऊ अजून चिडवतो. मी एक-दोघांना कायदा सांगून पाहिला, की १८७८ चा निखात निधी कायदा आहे, जमिनीत दहा रुपयांच्या वरचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागते, तर एक जण म्हणे, दहा रुपयात तर चहा येत नाही. बरोबर आहे. पण सोनं कोणाच्याच डोक्यातून जात नाही आणि खापर कोणाच्याच डोक्यात शिरत नाही, ज्या खापरावरून सांगता येते की इथले लोक काय वापरत, ते चाकावर केलं की हातानं, भट्टी कशी होती. माझ्या हॉस्टेलच्या खोलीत पलंगाखाली खापरांच्या पिशव्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि रूममेट म्हणायची भंगारवाल्याला दे.

आमच्या गावची पांढरी मी सगळ्यात शेवटी केली. मुद्दामच लांबवत होते. मोजली तर नाल्याच्या बाजूनं सरळ कडा तयार झाला आहे, अडीच-तीन फूट उंच, फावड्याच्या खुणा ताज्या, आणि त्या कड्यात थर दिसून राहिले होते, राख, मग लालसर भाजलेली माती, मग परत राख, मधून खापरं बाहेर डोकावलेली. इतका सुंदर सेक्शन, म्हणजे थरांचा उभा छेद, मी कॅम्पला पण पाहिला नव्हता, आणि तो आमच्याच ट्रॉल्यांनी पाडलेला. फोटो काढताना हात कापत होते, रागानं म्हणा का कशानं म्हणा. सर येऊन गेले नंतर, हिंडले, काळी-लाल खापरं उचलून पाहिली, वरून पाहून तारीख सांगत नसतात म्हणाले, पण नोंद केली. पाटी-बिटी काही लागली नाही, लागणारही नाही इतक्यात.

घरी बोलायचं मला अवघड गेलं. बाबांनी ऐकून घेतलं सगळं. फॉस्फेटचं ऐकून तर खूशच झाले, "म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबर होतं." ते मुद्द्याचं नव्हतं. मग म्हणाले, "मी नाही नेली तर दुसरा नेईन. अन् खताचे भाव तुले माहीत आहेत का?" मला माहीत आहेत. मला हॉस्टेलची फीही माहीत आहे. जून लागायच्या आधी त्यांनी एक ट्रॉली आणलीच, ही शेवटची म्हणून, आणि मी आख्खा दिवस त्या ढिगाऱ्यावर बसून चाळणीनं चाळून खापरं वेगळी केली. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारून राहिल्या होत्या, पोरीले काय झालं. थराबिरातून उपटलेल्या खापरांचा तसा फारसा उपयोग नसतो, ते मलाही माहीत होतं.

मायनं त्या दिवशी काहीच म्हटलं नाही. दिवाळीला मी घरी गेले तर मी सवयीनं घमेलं काढलं कोपऱ्यातून. माय म्हणे ठेव, नाही आणाची आता तिथली माती. तालुक्याहून डिस्टेंपरची बादली आणली होती, वीस किलोची, फिका पिवळा रंग. मातीच्या भिंतीवर तो धड बसत नाही, पोपडे निघून राहिले आता, आणि पोताऱ्याचा ओला वास यायचा घरात तो या वर्षी आला नाही, मलाच चुकल्यासारखं झालं, पण बोलणार कोणत्या तोंडानं.

बादलीचे पैसे बाबांनी माझ्या स्कॉलरशिपमधून घेतले.